ओपल आत्याला, माझ्या लाल दिव्याबद्दल

वडिलांच्या जागी असलेल्या, आणि वडील होते तेव्हाही त्यांच्याहून जास्त जरब असलेल्या ओपल आत्याला वेंडलचा टोपी काढून आणि मान खाली घालून नमस्कार.

तुझ्या कमरेचं कसं आहे? डॉक्टरांनी दिलेली काठी तू चालायला वापरतेस, की अजून नकाशावरच्या नद्या दाखवायलाच वापरतेस? कोंबड्या या थंडीत अंडी देताहेत ना? तुझ्या छपरावरचा बर्फ मी येऊन उतरवणार होतो, तो कोणी उतरवला? (तू स्वतः चढली नसशील अशी आशा आहे. चढली असशील तर कृपा करून कळवू नकोस.) तू पाठवलेली बिटाची बरणी पोचली. माझ्या खोलीत राहणारा आमदार ऑरविल ट्रास्क यानं त्यातली अर्धी मला न विचारता संपवली आणि वर ‘तुझ्या आत्याच्या हाताला चव आहे’ असं सर्टिफिकेटही दिलं. अधिवेशन संपेपर्यंत आम्हा दोघांना या मोटेलच्या एकाच खोलीत काढायचं आहे. तो घोरतो, डब्यातले मासे बोटांनी खातो आणि बोटं पडद्याला पुसतो. बाकी मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे वजन वाढलंय. इथं सकाळचा नाश्ता दूधवाल्यांच्या संघटनेकडून आणि रात्रीचं जेवण विमावाल्यांकडून असतं. राज्याची सेवा म्हणून ते सगळं खावं लागतं.

कालपासून मी तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू ‘हॅलो’ म्हणालीस, मी ‘आत्या, मी वेंडल’ म्हणालो, आणि लाइन कट झाली. तुमच्या दरीत तारांवर बर्फ साचला असावा. (मार्लीसचा मात्र तुला लगेच लागतो म्हणे. माझ्या बायकोचं नशीबच तसलं. तिच्या आईचा फोन आला तर उचलू नकोस. ती बाई जे घडलं त्यात आपल्या पदरचं अर्धं घालते, आणि या खेपेला घडलंय तेच पुरेसं आहे.)

तर मुद्द्यावर येतो. रेडिओवर तू ऐकलंच असशील की चार्टर शाळांचं विधेयक काल एका मतासाठी पडलं, आणि ते मत कुणाचं हेही ऐकलं असशील. रेडिओनं सांगितलं ते खरं आहे. आज सकाळच्या पेपरात आलंय ते खोटं आहे. वर्गात आमच्यापैकी कुणी काही फोडलं की तू म्हणायचीस, ‘पहिल्यापासून सांग, आणि सबबीपासून सुरुवात करायची नाही.’ त्या वेळी ते फार अवघड वाटायचं. आजही वाटतं. पण आज तू समोर नाहीस, तेवढा धीर आहे.

विधेयक काय होतं ते तुला सांगणं म्हणजे शिंप्याला सुई दाखवणं. अर्धा मसुदा तूच तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दुरुस्त केला होतास. पण आमच्या सभागृहात किती जणांना ते कळलं होतं याची शंका आहे. ऑरविल इथं माझ्या आधीपासून निवडून येतोय, आणि त्यानं परवा नाश्त्याला मला विचारलं, ‘ही चार्टर शाळा म्हणजे खाजगी ना रे?’ मी त्याला सगळं समजावून सांगितलं. खाजगी नाही बाबा. पैसा सरकारचा, फी नाही, कुणाच्याही मुलाला दार उघडं. फक्त कारभार जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाकडे न राहता गावानं निवडलेल्या माणसांकडे, आणि पोरं शिकली नाहीत तर सरकार परवाना काढून घेणार. आपल्या राज्यात असा कायदाच नाही, म्हणून तसा परवानाही कुणाला मिळत नाही. आणि तुझ्या प्लम क्रीकच्या शाळेला जिल्हा येत्या उन्हाळ्यात कुलूप लावणार आहे. मुलं थोडी, खर्च फार. मग ती मुलं पिवळ्या बसमधून बर्फातला घाट चढून डनबारला जाणार. पहिलीतली मुलंसुद्धा. हा कायदा झाला तर गाव ती शाळा स्वतः चालवील, आणि तू म्हणतेस तसं, निदान कोणाला बस लागून उलटी होणार नाही. मी हे सगळं इतकं छान समजावलं की ऑरविल म्हणाला, ‘मग मी हिरवं दाबतो.’ आणि त्यानं दाबलंसुद्धा. त्या माणसाचा दिवा काल शेवटी हिरवा होता, हे पुढचं वाचताना लक्षात ठेव.

आता आमच्याकडची एक जुनी रीत. नवा सदस्य आपलं पहिलं विधेयक घेऊन उभा राहिला की त्याची मनसोक्त खेचायची. जुनी माणसं अगदी गंभीर चेहऱ्यानं खुळ्यासारखे प्रश्न विचारतात. मग मतदान पुकारलं की सगळे मिळून लाल बटण दाबतात. समोरच्या फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे लाल दिवा लागतो, नव्या माणसाचा चेहरा पांढरा पडतो, सभागृह खदखदून हसतं, आणि सभापती फलक बंद करायच्या आत सगळे पटापट हिरवं दाबतात. विधेयक मंजूर, टाळ्या, पाठीवर थाप. म्हणून शहाणा नवा सदस्य पहिलं विधेयक बिनमहत्त्वाचं आणतो. मी गेल्या खेपेला बिटाच्या शेतातल्या तणाबद्दल आणलं होतं. तेव्हा मला विचारण्यात आलं, ‘सन्माननीय सदस्य स्वतः पीक आहेत की तण?’ मी हसलो, आणि मग संडासात जाऊन थोडा रडलो. (मार्लीसला डोळ्यांत काहीतरी गेलं असं सांगितलं होतं. तुझ्याकडून तिला हे आता कळेल, कळू दे.)

यंदा या खेचाखेचीचं पुढारपण माझ्याकडे आलं. आत्या, मला आयुष्यात कुणी कशाचं पुढारपण दिलेलं नाही. तुझ्या वर्गात फळा पुसायची पाळीसुद्धा तू माझ्याकडून काढून त्या केस्टरच्या मुलीला दिली होतीस. (तिचा फळा स्वच्छ असायचा, मान्य.) त्यामुळे मी हुरळलो. हुरळली मेंढी लांडग्याच्या मागे लागते म्हणतात, त्यातली गत. मोठमोठी माणसं जिन्यात थांबून मला विचारायची, ‘काय वेंडल, आज कोण तावडीत?’ आणि मी भुवई उडवायचो.

काल तावडीत होती दार्ला शुमाकर. हो, आपलीच दार्ला. कालपरवापर्यंत प्लम क्रीकच्या मोठ्या मुलांची डनबारची बस चालवणारी, आणि त्या घाटात बस चालवून वैतागल्यामुळेच निवडणुकीला उभी राहिलेली. तिनं पहिलं म्हणून एका पुलाला नाव द्यायचं निरुपद्रवी विधेयक आणलं होतं. पण नेमका पूल कोणता यावरून समितीत दोन म्हातारे भांडले आणि ते अडकलं. त्यामुळे तुमच्या शाळेचं विधेयक तिचं पहिलं ठरलं. ऑरविल मला म्हणाला, ‘वेंडल, मस्करी पुढच्या वेळी कर रे. यात मतं अगदी काठावर आहेत.’ डब्यातले मासे बोटांनी खाणाऱ्या माणसाला जे कळलं ते मला कळलं नाही. मी म्हणालो, ‘परंपरा म्हणजे परंपरा.’ आणि तुझी पितळी घंटा पिशवीतून बाहेर काढली.

घंटेचंही सांगून टाकतो. ‘शाळेची खूण म्हणून सभागृहात दाखवायची आहे’ असं सांगून मी ती तुझ्याकडून आणली होती. तू ती आरशासारखी लखलखीत घासून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून दिलीस. दाखवायची होती हे खरं, पण कशी ते मी सांगितलं नव्हतं. दर वेळी पुढारी नव्या सदस्याला मतदानाच्या आधी काहीतरी गमतीची भेट देतो. मी त्यात सुधारणा केली. फलक लालभडक झाला असताना, दार्ला रडायच्या बेतात असताना, मी घंटा वाजवत शेवटच्या रांगेतून पुढे जाणार, तिच्यापुढे कंबरेत वाकणार, आणि त्याच क्षणी सगळे हिरवे होणार. ही सुधारणा सर्वस्वी माझी. त्यात कुणाचाही वाटा नाही.

दार्ला उभी राहिली, बोलली, चांगलं बोलली. मग मी उठलो आणि विचारलं, ‘सन्माननीय सदस्या सांगतील का, एखाद्या शेळीनं प्रवेश मागितला तर?’ ती म्हणाली, ‘दार सगळ्यांना उघडं आहे. जागा कमी पडल्या तर चिठ्ठ्या टाकू, शेळीचीही टाकू. तिचे पालक सभेला येणार असतील तर.’ सभागृह तिच्या बाजूनं हसलं. तिथं मी थांबायला हवं होतं. आणखी दोघांनी खडूच्या रंगावर विचारलं. मग डनबारच्या व्हर्ना किटलसन बाई उठल्या. ‘तुमच्या शाळेकडे जाणारा पैसा आमच्या शाळेतून निघणार, मग आमच्या मुलांच्या गाण्याच्या शिक्षिकेला कोण ठेवणार?’ म्हणाल्या. लोक त्यालाही हसले. आत्या, तो प्रश्न खरा होता. बाई विरोधात आहेत, पण मनापासून आहेत. हसू ऐकून त्या इकडेतिकडे बघत खाली बसल्या. दार्लानं त्यांना नीट उत्तर दिलं, पण हशात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मीही हसत होतो.

मतदान पुकारलं. फलक लाल झाला. वर सज्जात प्लम क्रीकची मंडळी बसली होती. गाई व्यायला आलेल्या असताना एमस लाइटनर आणि त्याची बायको पहाटे निघून आले होते. त्यांना ही रीत कोण सांगणार? त्यांनी एवढंच पाहिलं की सगळे दिवे लाल झालेत, आणि ओपल बाईंचा भाचा शाळेची घंटा वाजवत नाचतोय. त्याच वेळी सभापती विचारत होते, ‘कुणाला मत बदलायचं आहे?’ खाली गोपालकांच्या संघटनेचं वार्षिक जेवण मांडलं होतं, भाजलेल्या मांसाचा वास वरपर्यंत येत होता, आणि सभापतींना घाई होती. लोक भराभर हिरवं दाबत होते. जे खरोखर विरोधात होते ते अर्थातच लालच राहिले. मला सभापतींचं काही ऐकू आलं नाही, कारण मी घंटा वाजवत होतो. दार्ला ओरडून म्हणाली, ‘अरे वेंडल, तुझं बटण!’ आणि मी धावलो. आमच्याकडे आपलं बटण आपणच, आपल्या जागेवर बसून दाबायचं असतं. शेजारी ऑरविल बसला होता, पण ज्याला कधी एक नियम आठवत नाही त्याला हा नेमका तेव्हा आठवला. मी खुर्चीपाशी पोचलो तेव्हा फलक बंद झाला होता. दोन्ही बाजू समसमान. बरोबरीत विधेयक पडतं. घंटा माझ्या हातात होती, आणि शेवटचा टोल त्यानंतर वाजला.

इथपर्यंत मी फक्त मूर्ख आहे. मूर्खपणाची लाज वाटते, पण तिची तुला सवय आहे आणि मलाही. खरी लाज पुढची आहे. खाली जेवायला गेलो तेव्हा मी कुणाकडे बघत नव्हतो. तेवढ्यात आमच्या बहुमतातल्या पक्षाचा नेता रॉस हॅकबार्ट, ज्यानं आजवर माझं नाव दोनदा चुकीचं घेतलंय, त्यानं मला हाक मारून स्वतःच्या टेबलावर बसवलं. तो आतून या विधेयकाच्या विरोधातच होता. म्हणाला, ‘काय माणूस आहेस रे वेंडल! स्वतःच्या आत्याची शाळा, आणि तरी लाल! मला वाटलं होतं तू नुसता विदूषक आहेस. रस्ते समितीवर एक जागा आहे, तुझ्याशी बोलायचंय.’ रस्ते समिती, आत्या! आपल्या भागातला तो खड्ड्यांचा रस्ता, ज्यावर तुझं कंबरडं दरवेळी मोडतं! ‘नाही साहेब, मी घंटा वाजवत होतो’ असं सांगायला मी तोंड उघडलं. आणि त्यात मांस घातलं. चांगलं शिजलं होतं. वर सफरचंदाचा गोड ‘पाय’ही खाल्ला. बातमीदार आला तेव्हा मी त्याला म्हणालो, ‘कधी कधी मन घट्ट करावं लागतं.’ आज छापून आलंय, ‘नात्यापेक्षा राज्य मोठं मानणारा आमदार.’ मी मोटेलच्या काउंटरवरून कात्री मागून आणली आणि ते कापून घेतलं. हे सगळ्यांत वाईट. तुला दिसलं नसतं, तरी लिहितो.

आज दुपारी कॉफीच्या यंत्रापाशी दार्ला भेटली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, ‘तू जागेवर नव्हतास, मी पाहिलंय. माझ्यासमोर वाकून उभा होतास येड्यासारखा.’ मी काही बोलणार, तर म्हणे, ‘ऐकून घे. हरलेल्या बाजूला फेरविचार मागता येत नाही. जिंकलेल्यांपैकीच कुणीतरी उठावं लागतं, आणि तिकडचे बाकी सगळे मनापासून तिकडे आहेत. चुकून जिंकलेला तू एकटाच. उद्या सकाळी शेवटची संधी आहे.’ मग तिनं माझ्यासाठी कॉफीचं बटण दाबलं आणि गेली. बस चालवणारी माणसं पोरांशी अशीच बोलतात, एकदाच, आणि आरशात बघत.

मला करायचंय एवढंच की उठायचं आणि जे झालं ते सांगायचं. एका वाक्याचं काम. पण ते वाक्य बोललं की मी ‘मन घट्ट करणारा’ उरत नाही, घंटा वाजवणारा उरतो. लोक दुष्ट माणसाला वचकून असतात, त्याला रस्ते देतात. मूर्खाला कोण काय देतं? संध्याकाळपासून मी आरशासमोर ते वाक्य म्हणून बघतोय. ऑरविल पलंगावरून ऐकतोय आणि म्हणतो, ‘मोठ्यानं बोल, मागच्या रांगेला ऐकू येत नाही.’ उद्या काय होईल ते मला माहीत नाही. मला माझी लाज वाटते, आत्या. बाकी सगळं या पत्रात पसरट झालंय, हे मात्र सरळ लिहितो.

कोंबड्यांना सांभाळ, छपरावर चढू नकोस.

तुझा (अजून म्हणू देत असशील तर) भाचा,
वेंडल

ता. क. हे पत्र वाचून झाल्यावर शेगडीत टाक. मार्लीसच्या आईच्या किंवा एमसच्या हाती लागता कामा नये.

दुसरा ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. (तिकीट संपलं होतं असं लिहिणार होतो. तिकीट होतं.) आज सकाळी मी उठलो. सभागृहात उठलो, आणि फेरविचाराचा ठराव मांडला. सभापतींनी कारण विचारलं. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. बाहेर आलं ते असं, ‘या विषयाचा सखोल अभ्यास केल्यावर माझं मत बदललं आहे.’ ऑरविल खोकला. दार्लानं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, आणि गप्प राहिली. तिला विधेयक हवं होतं. पुन्हा मतदान झालं. अंगठा दुखेपर्यंत मी हिरवं बटण दाबून बसलो होतो. विधेयक माझ्या एका मतानं मंजूर झालं. वरच्या सभागृहात ते आधीच झालेलं आहे, आणि राज्यपाल सही करणार म्हणून सांगून बसलेत. तुझ्या शाळेला कुलूप लागत नाही, आत्या. रस्ते समिती गेली. हॅकबार्ट म्हणाला, ‘बरं झालं, तू रस्त्यांवर नकोसच.’ मग सज्जातून एमस लाइटनर खाली आला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, ‘ओपल बाईंनी घडवलेला माणूस आहे! दोन रात्री डोळ्याला डोळा नसेल बिचाऱ्याच्या.’ मी दोन्ही रात्री व्यवस्थित झोपलो होतो. मी म्हणालो, ‘चालायचंच.’

तिसरा ता. क., आणि खरी विनंती. मार्लीसचा आत्ता फोन आला. शनिवारी शाळेत गावजेवण आहे, ज्यानं त्यानं घरून आणायचं. मधोमध केक आहे आणि त्यावर माझं नाव लिहिणार आहेत, साखरेनं. म्हणून शेगडीचं मी लिहिलं ते खोडलंय असं समज. सगळे जमले की हे पत्र तुझ्या वर्गातल्या आवाजात मोठ्यानं वाच, कंसातलंसुद्धा. (मार्लीसच्या आईचं गाळलंस तर उपकार होतील.) मी स्वतः बोलायला उठलो तर माझ्या तोंडून पुन्हा ‘सखोल अभ्यास’ निघेल, माझा मला भरवसा नाही. पण केक कापायच्या आधी वाच. नंतर वाचलंस तर प्रत्येकाच्या हातात बशी असेल, आणि आपल्याकडची माणसं हातात बशी असली की कुणालाही माफ करतात. दार्लाला पुढच्या बाकावर बसव. मी तिचं हसं करायला निघालो होतो, तर पहिल्यांदा तिला हसू दे.